तिकिटाचा भाव आणि जागेचे मोल

मार्चअखेर म्हणजे आपल्याकडे हिशेब मिळवण्याचे दिवस. नेमक्या याच दिवसांत अमेरिकेतील कित्येक कचेऱ्यांचे लक्ष कामावरून उडालेले असते, आणि त्याला कारण असते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बास्केटबॉल. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या संस्थेची पुरुषांची अजिंक्यपद स्पर्धा मार्चच्या मध्यास सुरू होते व एप्रिलच्या आरंभीच्या एका सोमवारी संपते. ६८ संघ उतरतात, एकदा हरलेला संघ तेथेच संपतो आणि तीन आठवड्यांत ६७ सामने होऊन एकच अपराजित उरतो. आपल्या घरांतील अनेक मुलेमुली ज्या विद्यापीठांत अभियांत्रिकी वा व्यवस्थापन शिकावयास जातात, त्यांचेच संघ या स्पर्धेत पुढे असतात. २०२४ साली पर्ड्यूचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि युकॉनकडून ६०-७५ असा हरला. पुढच्या वर्षी ह्यूस्टनचा संघ फ्लोरिडाकडून अवघ्या दोन गुणांनी, ६३-६५ असा पराभूत झाला. अशा वेळी तेथे मुक्कामी गेलेल्या आईवडिलांना मुले आग्रहाने म्हणतात, "पप्पा, या वेळी मॅच पाहूनच जा." तिकिटाचे पैसे मात्र बहुधा पप्पांच्याच खात्यातून जातात. तेव्हा हे तिकीट म्हणजे नेमका कोणता माल आहे, हे पप्पांनी समजून घेतलेले बरे.

तो माल विचित्र आहे. क्रिकेटच्या सामन्याचे तिकीट घेताना कोण कोणाशी खेळणार हे ठाऊक असते. येथे तिकिटे महिनोन्‌महिने आधी विकली जातात, आणि कोणता संघ कोणत्या शहरात खेळणार हे मार्चच्या मध्यातील एका रविवारी संध्याकाळी जाहीर होते. पहिले चार सामने ओहायो राज्यातील डेटन येथे लगेच मंगळवार-बुधवारी होतात. गुरुवार-शुक्रवारपासून आठ शहरांत मुख्य स्पर्धा सुरू होते. म्हणजे ज्याला आपल्या विद्यापीठाचा संघ पाहावयाचा आहे, त्याला विमान, हॉटेल आणि तिकीट या तिन्ही गोष्टी तीन-चार दिवसांत जमवाव्या लागतात. घाईचा ग्राहक चढा भाव देतो, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

तिकीट सामन्याचे नसते, सत्राचे असते. ही गोष्ट नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या टप्प्यातील प्रत्येक शहरात आठ संघ येतात. पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात दोन सामने होतात, मग क्रीडागृह रिकामे केले जाते आणि संध्याकाळच्या सत्रासाठी नवे तिकीट असलेल्यांना आत घेतात. त्या सत्रातही दोन सामने. एक दिवस मध्ये सोडून तिसऱ्या सत्रात विजेत्यांचे दोन सामने होतात. तिन्ही सत्रांचे एकत्रित तिकीट घेतले तर सहा सामने पदरात पडतात. उलट अखेरच्या चार संघांच्या टप्प्यात, ज्याला तेथे 'फायनल फोर' म्हणतात, शनिवारी दोन व सोमवारी एक असे मिळून तीनच सामने असतात. दोन्हीकडील एकूण खर्चाला सामन्यांच्या संख्येने भागून पाहावे. एवढ्या त्रैराशिकानेच पुष्कळांचा बेत बदलेल.

आता चांगल्या जागा जातात कोठे, ते पाहू. सर्वच तिकिटे सर्वसामान्यांसाठी खिडकीवर येत नाहीत. खेळणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला काही तिकिटे राखून मिळतात. विद्यापीठे ती आपल्या खेळाडूंच्या कुटुंबीयांना, विद्यार्थ्यांना आणि मुख्यतः आपल्या देणगीदारांना देतात. अमेरिकेतील मोठ्या क्रीडा-विद्यापीठांत देणगीदारांचा अग्रक्रम ठरलेला असतो. किती वर्षे दिले व किती दिले, यावर क्रम लागतो आणि त्या क्रमानुसार आसन मिळते. १९८८ पासून तेथील कायदा या 'देणगी'च्या ८० टक्के रकमेवर करवजावट देत होता, जरी तिच्या मोबदल्यात तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळत असला तरी. २०१७ अखेरच्या करसुधारणा कायद्याने ही सवलत काढून टाकली. ते योग्यच झाले. ज्या दानाच्या पावतीसोबत आसनक्रमांक येतो, त्याला दान म्हणणे जरा कठीणच होते.

उरलेल्यांसाठी सोडतीची पद्धत चालत आली आहे. तिची एक कहाणी, ज्यांनी शेअर बाजारात नव्या भागविक्रीसाठी अर्ज केले आहेत त्यांना विशेष रुचेल. काही वर्षांपूर्वी फायनल फोरच्या तिकिटांसाठी एनसीएएकडे अर्ज करताना तिकिटांची पूर्ण दर्शनी किंमत आगाऊ भरावी लागे. शिवाय प्रत्येक अर्जामागे साधारण सहा डॉलर हाताळणी शुल्क, तेही परत न मिळणारे. एका व्यक्तीला दहापर्यंत अर्ज करता येत, पण तिकिटे लागली तर एकाच अर्जावर. म्हणजे दीडशे डॉलरची दोन तिकिटे हवी असलेल्या माणसाने आपली संधी वाढवण्यासाठी दहा अर्ज केले, तर त्याचे तीन हजार डॉलर अडकत आणि साठ डॉलर कायमचे जात. निकाल लागेपर्यंत पैसा संस्थेकडे राही. बिनव्याजी ठेवीचा हा प्रकार बँकेच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या कोणाही माणसाच्या चटकन ध्यानात यावा.

काही अर्जदार न्यायालयात गेले. ही बेकायदा लॉटरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लॉटरी ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात: खेळणाऱ्याने दिलेला मोबदला, दैवाधीन निवड आणि बक्षीस. पहिल्या दोन तर उघड दिसत होत्या. प्रकरण संघराज्याच्या अपील न्यायालयातून इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २०११ मध्ये त्या न्यायालयाने एनसीएएच्या बाजूने कौल दिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याला तिकीट लागले त्याने त्याची पूर्ण किंमत मोजलेलीच आहे, त्याला फुकट काहीच मिळालेले नाही, म्हणून यात बक्षीस नाही आणि म्हणून ही लॉटरीही नाही. तर्क निर्दोष असेल, पण तेच तिकीट बाहेर अनेकदा दर्शनी किमतीहून पुष्कळ अधिक भावाने विकले जाते, हे त्या अर्जदारांना ठाऊक होते, आणि म्हणूनच ते दहा-दहा अर्ज करीत होते. आपल्याकडे भागविक्रीतील अर्जाची रक्कम अर्जदाराच्याच खात्यात गोठवून ठेवण्याची 'आस्बा' पद्धत २००८ मध्ये आली व २०१६ पासून सर्वांना सक्तीची झाली. त्याआधी परताव्याच्या धनादेशाची वाट पाहत टपालवाल्याकडे डोळे लावून बसलेली घरे पुष्कळ होती. सोडतीत नाव घालावयाचे असेल तर आज रक्कम केव्हा कापली जाते, शुल्क परत मिळते की नाही आणि तिकीट लागल्यास नाकारता येते की नाही, ही तीन कलमे आधी वाचावीत.

सोडतीत नाव न निघालेल्यास पुनर्विक्रीच्या बाजाराकडे वळावे लागते. हा बाजार अमेरिकेत बहुतांशी कायदेशीर आहे आणि मोठा आहे. तिकीट हा नाशवंत माल आहे, हे सूत्र येथे ध्यानात ठेवावे. सामन्याचा पहिला चेंडू उडाला की त्याची किंमत उतरणीला लागते आणि शेवटची शिट्टी झाली की शून्य. संध्याकाळी उठणाऱ्या बाजारातील मेथीच्या जुडीसारखी त्याची गत असते. शिवाय त्याचा भाव आशेवर ठरतो. ज्याने आपला संघ अंतिम सामना खेळेल या आशेवर सोमवारचे तिकीट घेतले, त्याचा संघ शनिवारी हरला की त्याला ते तिकीटही नकोसे होते आणि ते शहरही. शनिवारी रात्री चारपैकी दोन संघांचे पाठीराखे एकदम विक्रेते होतात. पहिल्या टप्प्यातही तेच घडते. आठ संघांपैकी चार पहिल्याच दिवशी गारद होतात आणि त्यांच्या मंडळींना तिसऱ्या सत्रात रस उरत नाही. म्हणून ज्याला अमुक संघ नव्हे, तर चांगला खेळ पाहावयाचा आहे, त्याच्यासारखा सुखी ग्राहक नाही. त्याने थांबावे. रविवारी सकाळी बाजार पाहावा.

मात्र हे सूत्र डोळे मिटून वापरू नये. २०१० साली अंतिम सामना इंडियानापोलिस येथे होता आणि तेथे पोहोचलेल्या दोन संघांपैकी बटलर हे विद्यापीठ त्याच शहरातले, स्टेडियमपासून काही मैलांवरचे. त्या सोमवारी सकाळी त्यांच्या खेळाडूंनी वर्गात हजेरी लावली, रात्री ड्यूकशी सामना खेळला आणि ५९-६१ असा तो गमावला. अर्ध्या मैदानावरून फेकलेला त्यांचा शेवटचा चेंडू रिंगणाला लागून बाहेर गेला, नाहीतर इतिहास निराळा झाला असता. घरचाच संघ अंतिम सामन्यात असताना विमानभाडे नको, हॉटेल नको, मग सारे गावच ग्राहक. अशा वर्षी भाव पडण्याची वाट पाहणे व्यर्थ. २००२ पासून एनसीएए वरच्या मानांकनाच्या संघांना पहिल्या टप्प्यात शक्यतो घराजवळचे शहर देते, त्यामुळे हा प्रश्न आरंभापासूनच उभा राहतो. खरेदीपूर्वी नकाशा उघडून पाहावा.

या बाजारात दोन सावधगिरी आवश्यक आहेत. पहिली शुल्काची. पूर्वी पडद्यावर एक भाव दिसे आणि पैसे देण्याच्या शेवटच्या पायरीवर सेवाशुल्क जोडून दुसराच आकडा येई. तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला असून, सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत आरंभीच दाखवणे आता विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. दुसरी सावधगिरी मालाच्या अस्तित्वाची. काही विक्रेते हाती नसलेले तिकीट आधी विकतात आणि भाव उतरल्यावर स्वस्तात घेऊन ते ग्राहकाला पोहोचवण्याचा बेत करतात. हा सरळसरळ वायद्याचा सौदा आहे, फक्त तसे सांगितलेले नसते. आसनाचा नेमका विभाग व रांग न देता 'या भागात कोठेतरी' असे लिहिलेले असेल, तर शंका घ्यावी. आता तिकीट बहुधा मोबाईलवरच असते आणि अनेक ठिकाणी त्याची संकेतपट्टी क्षणाक्षणाला बदलते, म्हणून कोणी पडद्याचे छायाचित्र पाठवून पैसे मागत असेल तर तो व्यवहार करूच नये. तिकीट विक्रेत्याच्या खात्यातून आपल्या खात्यात हस्तांतरित झाले, तरच ते आपले.

भावाचे एवढे पुरे. खरा प्रश्न जागेचा आहे, आणि त्यात महाग ते चांगले हा समज पुष्कळदा फसवतो.

बास्केटबॉलचे मैदान लहान असते, ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, म्हणजे ४,७०० चौरस फूट. अमेरिकन फुटबॉलचे मैदान दोन्ही टोकांसह ३६० फूट लांब व १६० फूट रुंद असते, म्हणजे क्षेत्रफळाने बारापट. बास्केटबॉल हा बंद क्रीडागृहात, आठ-दहा किंवा फार तर वीस हजार माणसांनी जवळून पाहावयाचा खेळ. १९३९ सालची पहिली स्पर्धा तर आठच संघांची होती. शिकागोजवळच्या एव्हन्स्टन येथील तिच्या अंतिम सामन्यास साधारण साडेपाच हजार प्रेक्षक आले आणि आयोजकांना २,५३१ डॉलरचा तोटा झाला. त्यानंतर गर्दीची गोडी लागली. १९६८ च्या जानेवारीत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छतबंद स्टेडियममध्ये ह्यूस्टन आणि यूसीएलए यांचा सामना झाला. लाकडी मैदान लॉस एंजेलिसहून आणून भल्या मोठ्या पटांगणाच्या मधोमध मांडले होते. ५२,६९३ लोक आले आणि त्यांतील जवळचा प्रेक्षकही मैदानापासून शंभर फुटांवर होता. १९८२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ६१,६१२ लोकांसमोर मायकेल जॉर्डन नावाच्या एका नवख्या विद्यार्थ्याने निर्णायक बास्केट टाकली. नेहमीच्या आकाराच्या क्रीडागृहात शेवटचा फायनल फोर १९९६ साली न्यू जर्सीत झाला, प्रेक्षक १९,२२९. २०१४ मध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे उपांत्य सामन्यांना हीच संख्या ७९,४४४ झाली. गल्ला वाढला. पण अठरा वर्षांत साठ हजार माणसांची जी भर पडली, ती मैदानापासून दूर दूर जाणाऱ्या खुर्च्यांतच पडली.

२००९ पासून अशा स्टेडियमच्या मधोमध मैदान उंच चौथऱ्यावर मांडतात, आणि भोवती पटांगणावर तात्पुरत्या खुर्च्या व पायऱ्या उभारतात. चौथरा इतका उंच असतो, की राखीव खेळाडू खाली बसतात आणि प्रशिक्षक वर स्टुलावर. यावरून पुढच्या रांगांतील प्रेक्षकाची अवस्था समजावी. त्याने सर्वांत अधिक पैसे मोजलेले असतात आणि त्याची नजर खेळाडूंच्या बुटांच्या पातळीवर असते. तात्पुरत्या पायऱ्यांना चढही कमी असतो, त्यामुळे पुढच्याचे डोके आडवे येते. त्यापेक्षा स्टेडियमच्या पक्क्या बांधणीतील खालच्या टप्प्यातील, मैदानाच्या लांब बाजूस समोर येणारी आसने बरी. अगदी वरच्या टप्प्यात मात्र खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात आणि माणूस नकळत मधोमध टांगलेल्या मोठ्या पडद्याकडे पाहू लागतो. तो पडदा घरीही असतो.

नेहमीच्या क्रीडागृहात निवड सोपी होते. मध्यरेषेच्या आसपास, लांब बाजूस, पंधराव्या ते पंचविसाव्या रांगेतील आसन सर्वोत्तम. तेथून दहाही खेळाडू एका नजरेत मावतात, आणि कोण कोणाला अडवून वाट करून देतो, हे दिसते. ते परवडत नसेल तर लोक खालच्या टप्प्यातील कोपरा घेतात. तेथे थोडे थांबावे. बहुतेक ठिकाणी वरच्या टप्प्यातील मध्यरेषेवरच्या पहिल्या दोन-तीन रांगा त्या कोपऱ्यापेक्षा स्वस्त असतात आणि खेळ त्यांतून अधिक नीट समजतो. फक्त पहिल्या रांगेपुढचा कठडा नजरेच्या आड येत नाही ना, हे पुनर्विक्रीच्या ॲपवरील आसनदर्शक छायाचित्रात पाहून घ्यावे. बास्केटच्या मागची जागा उत्साही तरुणांची. तेथून जवळच्या बास्केटकडे येणारी चाल फार सुंदर दिसते, पण पलीकडच्या टोकाला काय झाले ते गुणफलकावरूनच कळते. बाजा आणि विद्यार्थी तेथेच असतात आणि ते सामना संपेपर्यंत उभे राहतात. विद्यापीठांच्या राखीव विभागातील तिकिटे पुनर्विक्रीत स्वस्त दिसली तरी गुडघेदुखी असलेल्या मंडळींनी घेऊ नयेत. पुढचे उभे राहिले की मागच्यांना उभे राहावेच लागते.

मग जावे तरी कोठे? पोटचा मुलगा ज्या विद्यापीठात शिकतो त्याचाच संघ अंतिम सामन्यात असेल तर हिशेब बाजूला ठेवून जावे, असा क्षण पुन्हा येत नाही. एरवी पहिल्या दोन टप्प्यांना तोड नाही. डेटनचे विद्यापीठ क्रीडागृह सुमारे तेरा हजारांचे आहे आणि या स्पर्धेचे जितके सामने तेथे झाले तितके अन्य कोठेही झालेले नाहीत. तेथे वाईट जागा शोधावी लागते. न्यू जर्सीत एडिसन परिसरात राहणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी २०२५ मधील विभागीय सामने नेवार्कला झाले होते. एडिसनहून लोकल गाडीने नेवार्क पेन स्टेशन गाठावे आणि तेथून चालत क्रीडागृहात जावे, इतके ते जवळ. त्याच ठिकाणी अलाबामाने ब्रिगम यंग विद्यापीठाविरुद्ध तीन गुणांच्या २५ बास्केट टाकून स्पर्धेचा विक्रम केला. हॉटेलचा खर्च शून्य.

महिलांच्या स्पर्धेकडेही दुर्लक्ष करू नये. तिचे पहिले दोन टप्पे वरच्या मानांकनाच्या सोळा विद्यापीठांच्या आवारातच होतात, म्हणजे मुलगी वसतिगृहातून चालत जाऊ शकते. अंतिम टप्पाही नेहमीच्या क्रीडागृहात होतो. २०२४ मध्ये क्लीव्हलंड येथे साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ असे हरवले, आणि दूरचित्रवाणीवर तो सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला. त्यामुळे या तिकिटांचेही दिवस पालटत आहेत.

एक सूचना सत्राच्या दुसऱ्या सामन्याविषयी. पहिला सामना संपला की, थंडी आहे, उशीर होईल, असे म्हणून मंडळी उठू लागतात. १६ मार्च २०१८ च्या शुक्रवारी शार्लट येथे संध्याकाळच्या सत्रात पहिला सामना कॅन्सस स्टेट व क्रेटन यांचा होता. दुसऱ्यात स्पर्धेतील अव्वल मानांकित व्हर्जिनियासमोर सोळाव्या मानांकनाचे मेरिलँड विद्यापीठाचे बाल्टिमोर काउंटी केंद्र होते. तोवर पहिल्या मानांकनाच्या संघांनी सोळाव्यांविरुद्धचे १३५ पैकी १३५ सामने जिंकलेले. मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. पुढे बाल्टिमोरच्या मुलांनी ७४-५४ असा विजय मिळवला. त्या रात्री लवकर घरी गेलेल्यांना तिकिटाचे पैसे पूर्ण द्यावे लागले होते आणि सामना अर्धाच मिळाला.

संध्याकाळचे सत्र मध्यरात्रीच्या सुमारास संपू शकते, म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी दुपारचे सत्र निवडावे किंवा आधीच जेवून निघावे. बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी पारदर्शक लहान पिशवीच चालते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि घरून निघताना फोन पूर्ण चार्ज करून घ्यावा, कारण दारावर दाखवावयाचे तिकीट त्यातच असते.